घानात राष्ट्राध्यक्ष वरचढ की संसद?

पुण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे: "आमची कंपनी घानात शाखा उघडते आहे. तिथली राज्यपद्धत अमेरिकेसारखी अध्यक्षीय आहे की आपल्यासारखी संसदीय? संसदेच्या हातात खरंच काही असतं, की राष्ट्राध्यक्ष म्हणतील तिथे सही? आणि आजूबाजूला उठावामागून उठाव होत असताना हा देश शांत कसा?"

मी बरीच वर्षं राजधानी अक्रा आणि बंदराचं शहर टेमा इथल्या कंपन्यांची कराची कामं बघतो आहे. कुठलं विधेयक येणार, कुठलं अडणार, यावर माझ्या अशिलांचा पैसा अवलंबून असतो. त्यामुळे इथल्या संसदेवर नजर ठेवणं हा माझ्या कामाचाच भाग. व्याख्या बाजूला ठेवून व्यवहारात जे दिसतं ते सांगतो.

सांगाडा अमेरिकी आहे. राष्ट्राध्यक्ष थेट लोक निवडतात, चार वर्षांसाठी आणि जास्तीत जास्त दोनदा. खासदारही त्याच दिवशी निवडले जातात. संसद राष्ट्राध्यक्षाला अविश्वास ठरावाने घरी पाठवू शकत नाही, आणि राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करता येत नाही. सभागृह एकच, राज्यसभेसारखं दुसरं नाही. पण 1992 च्या घटनेतलं कलम 78 सांगतं की मंत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक जण खासदारांमधूनच घ्यायचे. अमेरिकेत मंत्री व्हायचं तर खासदारकी सोडावी लागते. इथे खासदारकी हीच मंत्रिपदाच्या रांगेतली जागा. मला विचाराल तर घानाच्या राजकारणातल्या बहुतेक गाठी या एका कलमाशी येऊन सुटतात.

हे कलम आलं कुठून, तर एका जुन्या धसक्यातून. 1957 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा इथे ब्रिटिश पद्धत होती. 1960 मध्ये क्वामे एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष झाले, 1964 मध्ये देश एकपक्षीय झाला आणि फेब्रुवारी 1966 मध्ये लष्कराने त्यांना उखडलं. 1969 मध्ये पुन्हा पंतप्रधान आले, कोफी बुसिया. जानेवारी 1972 मध्ये तेही गेले. मग 1979 च्या घटनेत अमेरिकी पद्धत घेतली: राष्ट्राध्यक्ष हिला लिमान, आणि मंत्री संसदेबाहेरचे. 1981 मध्ये त्या संसदेने लिमान यांचा अर्थसंकल्पच फेटाळला. सभागृहात सरकारची बाजू लावून धरायला एकही मंत्री खासदार म्हणून बसलेला नव्हता. त्याच वर्षी 31 डिसेंबरला लष्करी अधिकारी जेरी रॉलिंग्ज यांनी उठाव केला आणि पुढची अकरा वर्षं संसदच उरली नाही. नवी घटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो फेटाळलेला अर्थसंकल्प होता. राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांना एकमेकांना बांधून टाकायचं, म्हणून कलम 78.

बांधलं खरं, पण दोरीचं टोक एकाच्याच हातात राहिलं. एका खासदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. उमेदवारी पक्षाच्या प्रतिनिधींच्या मतदानातून मिळते आणि त्यात पैसा पाण्यासारखा ओतावा लागतो. निवडून आल्यावर मतदारसंघातली माणसं शाळेची फी, दवाखान्याचं बिल, छपराचे पत्रे मागायला दारात येतात. शनिवार म्हणजे अंत्यविधीचा दिवस. काळ्या-लाल कपड्यांत एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जायचं, आणि प्रत्येक ठिकाणी पाकीट द्यायचं. खासदाराने किती दिले ते तिथे ध्वनिक्षेपकावरून जाहीर होतं. पगारात हे भागत नाही. मंत्रिपद मिळालं तर गाडी, कर्मचारी, वजन, सगळं आलं. आता हाच खासदार ज्यांच्याकडून मंत्रिपदाची आशा आहे त्या राष्ट्राध्यक्षांच्या विधेयकावर कडक प्रश्न विचारेल का? काही जण विचारतात. फार नाहीत.

त्यात घटनेत मंत्र्यांच्या संख्येला मर्यादा नाही. आपल्याकडे 91 व्या घटनादुरुस्तीमुळे सभागृहाच्या 15 टक्क्यांची अट आहे, म्हणून महाराष्ट्रात 288 आमदारांमागे 43 च्या वर मंत्री करता येत नाहीत. घानात 2017 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-आडो यांनी उपमंत्र्यांसह 110 मंत्री नेमले. आताचे राष्ट्राध्यक्ष जॉन महामा यांनी 2024 च्या प्रचारात 60 ची मर्यादा स्वतःच घालून घेतली. पण तो शब्द आहे, कायदा नव्हे.

कलम 78 चा प्रत्यक्ष परिणाम कसा दिसतो याचं एक उदाहरण. 2022 मध्ये घानाची अर्थव्यवस्था गाळात गेली. डिसेंबरमध्ये महागाई 54 टक्क्यांवर पोचली आणि सरकारने परदेशी कर्जाची बहुतेक परतफेड थांबवली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये सत्ताधारी पक्षाच्याच 80 खासदारांनी पत्रकार परिषद घेऊन अर्थमंत्री केन ओफोरी-आटा यांना काढा अशी मागणी केली होती. मग विरोधकांनी निंदा ठराव आणला. मंत्र्याला असं काढायला दोन-तृतीयांश मतं लागतात. 8 डिसेंबरला मतदान झालं, ठरावाच्या बाजूने 136 मतं पडली, सगळी विरोधकांचीच. त्या 80 जणांपैकी कोणी? संपूर्ण सत्ताधारी बाजू आधीच सभागृहातून उठून गेली होती. ओफोरी-आटा फेब्रुवारी 2024 पर्यंत अर्थमंत्री राहिले.

दुसरी दोरी कलम 108 ची. कर लावणारं, किंवा सरकारी तिजोरीवर बोजा टाकणारं विधेयक फक्त राष्ट्राध्यक्षांच्या वतीनेच मांडता येतं. वाचायला हे साधं वाटतं, कारण अशी तरतूद आपल्याकडेही धन विधेयकांना आहे. पण इथे बोजा या शब्दाचा अर्थ इतका सैल घेतला गेला की एखाद्या खासदाराने काहीही सुचवलं तरी त्याला थोडाफार सरकारी खर्च येणारच, मग ते आलंच नाही पाहिजे, असा पायंडा पडला. अनेक वर्षं खासगी विधेयक हा प्रकार जवळजवळ नव्हताच. अलीकडे तो सुरू झाला, तरी अडथळा संपलेला नाही. एखाद्या बाईवर चेटकीण असल्याचा आळ घेणं हा गुन्हा ठरवणारं विधेयक संसदेने जुलै 2023 मध्ये मंजूर केलं. उत्तर घानात अशा आळामुळे गावाबाहेर काढलेल्या बायकांच्या वस्त्या आजही आहेत. राष्ट्राध्यक्ष अकुफो-आडो यांनी डिसेंबरमध्ये सही नाकारली आणि कारण दिलं कलम 108 चं.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे रबरी शिक्काच. तसं असतं तर माझ्यासारख्याचं काम फार सोपं झालं असतं. 2021 ते 2024 ही चार वर्षं बघा.

इथे पक्ष मुळात दोनच. एनडीसी, म्हणजे नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस, हा रॉलिंग्ज यांच्या राजवटीतून निघालेला, छत्री चिन्हाचा. व्होल्टा आणि उत्तरेकडचे प्रांत त्याचे बालेकिल्ले. एनपीपी, म्हणजे न्यू पॅट्रिऑटिक पार्टी, ही हत्तीची. बुसिया यांच्या परंपरेतली, व्यापारी वृत्तीची, आशांती आणि ईस्टर्न प्रांतात पक्की. ग्रेटर अक्रा, सेंट्रल, वेस्टर्न हे प्रांत इकडून तिकडे झुकतात आणि तेच सरकार ठरवतात. डिसेंबर 2020 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपद एनपीपीकडे राहिलं, पण 275 जागांच्या संसदेत दोघांना प्रत्येकी 137 जागा मिळाल्या. उरलेला एक अपक्ष, फोमेना मतदारसंघाचा. तो मूळचा एनपीपीचाच, बंडखोरी करून उभा राहिला म्हणून पक्षाने काढलेला. निवडून आल्यावर तो पुन्हा एनपीपीच्या बाजूला बसला आणि बक्षीस म्हणून त्याला दुसरं उपसभापतिपद मिळालं.

नव्या संसदेची पहिली रात्र, 6 आणि 7 जानेवारी 2021 ची, इथल्या लोकांनी टीव्हीवर थेट पाहिली. सभापतीची निवड गुप्त मतदानाने व्हायची होती. मध्यरात्रीनंतर रांगा, ढकलाढकली, मतपेटीजवळ लाथाबुक्क्या. मतमोजणीच्या वेळी सत्ताधारी बाजूचा एक खासदार मतपत्रिका उचलून दाराकडे पळाला. काही वेळाने हत्यारबंद सैनिक सभागृहात शिरले, आणि दोन्ही बाजूंचे खासदार त्यांच्यावर ओरडून उठले. ज्या देशात चार सरकारं सैनिकांनी पाडली, तिथे तो गणवेश त्या दालनात बघून बऱ्याच जणांच्या अंगावर काटा आला. सैनिक परत गेले. पहाटे निकाल लागला तो विरोधी पक्षाचे अल्बान बॅगबिन यांच्या बाजूने. 1993 पासून सलग निवडून आलेले हे खासदार. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे आणि सभापती दुसऱ्या, असं चौथ्या प्रजासत्ताकात, म्हणजे 1992 च्या घटनेनंतर, पहिल्यांदाच घडलं.

इथून पुढे गणित सुरू झालं, आणि ते समजून घ्यायला दोन नियम लक्षात ठेवा. कलम 104 नुसार कुठल्याही निर्णयाच्या वेळी एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे सभागृहात हजर लागतात, म्हणजे 275 पैकी 138. आणि सभापतीला मत नाही, निर्णायक मतसुद्धा नाही. म्हणजे 137 जणांचा कुठलाही गट नुसता उठून गेला तरी समोरच्यांना अपक्षाला धरून जेमतेम 138 गाठता येतात. एखादा आजारी, एखादा परदेशात, की काम ठप्प.

2022 चा अर्थसंकल्प याच गणितात सापडला. 26 नोव्हेंबर 2021 ला सत्ताधारी बाजूने सभात्याग केला, बॅगबिन यांनी मत घेतलं आणि समोर बसलेल्या 137 विरोधकांनी अर्थसंकल्प फेटाळला. 137 म्हणजे निम्मे नव्हेत, असं म्हणत 30 तारखेला सत्ताधारी परत आले. विरोधक गैरहजर, सभापती परदेशात. खुर्चीवर पहिले उपसभापती जोसेफ ओसेई-ओवुसू, स्वतः एनपीपीचे खासदार. त्यांनी स्वतःलाच 138 वा सदस्य धरलं, आधीचा निर्णय रद्द ठरवला आणि अर्थसंकल्प मंजूर केला. खुर्चीवर बसलेला माणूस मोजायचा का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च 2022 मध्ये निकाल आला: उपसभापती हा खासदारच असतो, खुर्चीवर बसल्याने त्याचं मत जात नाही. बॅगबिन यांना तो निकाल अजिबात पटला नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

त्या अर्थसंकल्पातली जी तरतूद सगळ्यांना झोंबली ती ई-लेव्ही. घानात रस्त्यावरच्या केळीवालीपासून ट्रोट्रो मिनीबसच्या मेटपर्यंत, म्हणजे कंडक्टरपर्यंत, सगळे मोबाइलवरून पैसे पाठवतात, त्याला मोमो म्हणतात. त्या व्यवहारावर 1.75 टक्के कर लावायचा बेत होता. 20 डिसेंबर 2021 च्या रात्री उपसभापती मत द्यायला खुर्चीवरून उतरू लागले आणि सभागृहात हाणामारी जुंपली, तीही टीव्हीवर. शेवटी दर 1.5 वर आणून 29 मार्च 2022 ला विरोधकांच्या सभात्यागात ते विधेयक मंजूर झालं आणि 1 मे पासून वसुली सुरू झाली. लोकांनी काय केलं? मोमो सोडून पुन्हा रोख नोटा हातात घेतल्या. वसुली अंदाजाच्या जवळपासही गेली नाही. जानेवारी 2023 मध्ये दर 1 टक्का झाला आणि 2025 मध्ये नव्या सरकारने करच रद्द केला. तीन वर्षांत एका कराचा जन्म, अंगावर आलेला संसार आणि मरण. माझ्या अशिलांनी प्रत्येक टप्प्यावर सॉफ्टवेअर बदललं.

विरोधकांचंही सगळं सरळ नव्हतं. मार्च 2023 मध्ये सहा मंत्री आणि उपमंत्र्यांच्या नेमणुका संसदेपुढे आल्या. एनडीसीच्या नेतृत्वाने सर्वांना आदेश दिला होता की नकाराचं मत द्यायचं. मतदान गुप्त होतं. मोजणी झाली तेव्हा सगळे मंजूर, म्हणजे एनडीसीच्याच काही खासदारांनी आतून मदत केलेली. पक्षात महिनाभर कोण फुटलं याची चौकशी चालली. पडदा असला की खासदार पक्षाचा राहत नाही, हे इथे दोन्ही बाजूंना चांगलं ठाऊक आहे.

सगळ्यात रंगतदार प्रकरण शेवटी आलं, आणि ते महाराष्ट्रातल्या वाचकाला लगेच कळेल. कलम 97 हा इथला पक्षांतरबंदी कायदा: ज्या पक्षातर्फे निवडून आलात तो सोडून दुसऱ्यात गेलात किंवा अपक्ष म्हणून बसायला लागलात, तर जागा रिकामी, अपक्ष पक्षात गेला तरी तेच. 2024 च्या निवडणुकीसाठी चार खासदारांनी आपली बाजू बदलून अर्ज भरले. दोघे एनपीपीचे आणि एक एनडीसीचा असे तिघे अपक्ष म्हणून उभे, आणि फोमेनाचा तो अपक्ष आता एनपीपीचा उमेदवार. 17 ऑक्टोबरला बॅगबिन यांनी चारही जागा रिकाम्या जाहीर केल्या. हिशेब केला तर एनडीसी 136, एनपीपी 135. म्हणजे निवडणुकीला जेमतेम सात आठवडे असताना विरोधी पक्ष बहुमतात.

दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. 22 ऑक्टोबरला सभागृह भरलं तेव्हा एनडीसीचे खासदार सकाळीच येऊन सभापतीच्या उजव्या हाताच्या बाकांवर बसले होते. ती बहुमतवाल्यांची जागा. एनपीपीवाले आले, उभ्या उभ्या वाद घातला आणि बाहेर पडले. बॅगबिन आले, निर्णय घ्यायला पुरेसे सदस्य नाहीत असं म्हणाले आणि संसद बेमुदत तहकूब करून टाकली. कलम 97 पुढच्या निवडणुकीच्या अर्जांना लागू होत नाही, चालू संसदेतच बाजू बदलली तर लागू होतं, असा निकाल न्यायालयाने 12 नोव्हेंबरला पाच विरुद्ध दोन मतांनी दिला. शिवसेनेच्या फुटीनंतर सभापती आणि न्यायालय यांच्यात कागद कसा इकडून तिकडे फिरला ते आपण पाहिलंच आहे. फरक इतकाच की आपल्याकडे निर्णय लांबत गेला, इथे चार आठवड्यांत लागला. पण त्या खेचाखेचीत खर्चाची मंजुरी अडकली, आणि 2025 उजाडल्यावर घाईघाईने पहिल्या तिमाहीच्या खर्चाला संसदेने मान्यता दिली.

आता तो काळ संपला. 7 डिसेंबर 2024 ला महामा सुमारे 56 टक्के मतं घेऊन परत आले आणि संसदेत, आता 276 जागांच्या, एनडीसीला सुमारे दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. बॅगबिन पुन्हा सभापती झाले, या वेळी बिनविरोध. विधेयकं सरसर जातात. तरी मंत्र्यांची जाहीर उलटतपासणी, जिला इथे व्हेटिंग म्हणतात, ती बघण्यासारखी असते. नेमणूक समितीपुढे होऊ घातलेला मंत्री तासन् तास बसतो, जुन्या भाषणांपासून पदवीच्या प्रमाणपत्रापर्यंत सगळं विचारलं जातं आणि देशभर रेडिओवर ऐकलं जातं. 30 जानेवारी 2025 च्या रात्री कोण आधी तपासायचं यावरून समितीत टेबलं उलटली, मायक्रोफोन तुटले, आणि सभापतींनी दोन्ही बाजूंच्या मिळून चार खासदारांना दोन आठवड्यांसाठी निलंबित केलं.

घटना बदलायच्या गप्पा जुन्याच. 2010 मध्ये एक आयोग बसला, त्याचा जाडजूड अहवाल आला आणि कपाटात गेला. जानेवारी 2025 मध्ये प्राध्यापक क्वासी प्रेम्पे यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमली गेली. इथे एक तांत्रिक गोष्ट महत्त्वाची आहे. राष्ट्राध्यक्षाची चार वर्षांची मुदत हे भक्कम तटबंदीतलं कलम. ते बदलायला सार्वमत लागतं, 40 टक्के मतदान आणि त्यात 75 टक्के होकार. कलम 78 मात्र त्या तटबंदीत नाही. ते संसद स्वतः दोन-तृतीयांश मतांनी बदलू शकते. त्यासाठी हात वर करायचे आहेत ते मंत्रिपदाची वाट बघणाऱ्या खासदारांनी.

स्थानिक पातळीचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या शाखेला परवाने तिथूनच घ्यायचे आहेत. देशात 16 प्रांत आणि 261 जिल्हा, नगर आणि महानगर सभा आहेत. त्यांचा प्रमुख राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सभेने दोन-तृतीयांश मतांनी मान्य करायचा असतो. सभेतले 30 टक्के सदस्यही वरूनच नेमलेले. निवडून येणाऱ्यांना पक्षाचं चिन्ह वापरायला घटनेने बंदी केली आहे, पण कोण कुठल्या पक्षाचा हे नाक्यावरच्या पोराला माहीत असतं. ही बंदी उठवायचं सार्वमत डिसेंबर 2019 मध्ये ठरलं होतं. एनडीसीने विरोध केला आणि सरकारने ते ऐनवेळी मागे घेतलं. त्यामुळे अक्रात सरकार बदललं की तुमच्या ओळखीचा जिल्हाप्रमुखही बदलतो. पारंपरिक राजे, म्हणजे कुमासीचे आशांतीहेने किंवा इतर सरदार, यांना पक्षीय राजकारणाला घटनेने मज्जाव आहे. जमिनीचा व्यवहार करताना मात्र त्यांच्या दरबारी गेल्याशिवाय पान हलत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, उठाव का होत नाहीत. उत्तरेच्या सीमेला लागून असलेल्या बुर्किना फासोत 2022 मध्ये दोनदा उठाव झाले. माली, नायजर, गिनी यांचीही तीच कथा. घानाचे लोक उपजत शांत आहेत म्हणून इथे काही होत नाही, असं काही जण सांगतात. 1966 ते 1981 मधला इतिहास वाचला की ते पटत नाही. माझ्या मते खरी कारणं रोकडी आहेत. दोन्ही पक्षांना माहीत आहे की आज हरलो तरी आठ वर्षांत आपली पाळी येते: 2001, 2009, 2017, 2025, दर खेपेला सत्ता शांतपणे पलटली. ज्याला पाळी येणार याची खात्री आहे तो छावणीचं दार ठोठावत नाही. दुसरं, रॉलिंग्ज आणि त्यांच्या साथीदारांना 1992 च्या घटनेनेच अभय दिलं. लष्करी राजवटीतल्या कृत्यांबद्दल कोर्टात जाता येत नाही आणि ते कलम बदलताही येत नाही. ज्यांची माणसं तेव्हा मारली गेली त्यांच्यावर हा अन्याय आहे. पण त्यामुळे बंदूकवाले निवृत्त व्हायला तयार झाले.

तिसरं कारण मतदान केंद्रावर दिसतं. मोजणी तिथेच, सगळ्यांसमोर होते. निकाल एका गुलाबी कागदावर लिहून पक्षांचे प्रतिनिधी सह्या करतात आणि प्रत घेऊन जातात. याला इथे पिंक शीट म्हणतात आणि 2012 च्या निकालाविरुद्ध एनपीपी न्यायालयात गेली तेव्हा महिनोन् महिने हे गुलाबी कागदच टीव्हीवर वाचले जात होते. ऑगस्ट 2013 मध्ये याचिका फेटाळली गेली, अकुफो-आडो यांनी काही मिनिटांत फोन करून महामांचं अभिनंदन केलं. 2008 ची दुसरी फेरी तर सुमारे 40 हजार मतांवर सुटली आणि शेवटचा निर्णय टाइन या एका मतदारसंघावर लटकला होता. 2024 मध्ये आपापल्या पिंक शीटची बेरीज पाहून एनपीपीचे उमेदवार महामुदू बावुमिया यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच, अधिकृत घोषणा होण्याआधी, पराभव मान्य केला. मतदारही डोकं चालवतो. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि खासदार दुसऱ्या, अशी मतं देण्याला इथे 'स्कर्ट अँड ब्लाउज' म्हणतात.

सगळं गोड आहे असं नाही. 2020 च्या संसदेत 275 पैकी 40 बायका होत्या. सप्टेंबर 2025 मध्ये सरन्यायाधीश गर्ट्रूड टोर्कोर्नू यांना पदावरून काढलं गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती असावेत याची वरची मर्यादाच घटनेत नसल्याने प्रत्येक सरकार आपली माणसं भरतं, ही तक्रार दोन्ही बाजू आळीपाळीने करतात. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाचं नावसुद्धा पक्षाप्रमाणे बदलत आलं: एकाच्या तोंडी ज्युबिली हाउस, दुसऱ्याच्या फ्लॅगस्टाफ हाउस. तो प्रासाद भारताच्या कर्जातून आपल्या मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधला आणि 2008 मध्ये त्याचं उद्घाटन झालं, हे अक्राच्या टॅक्सीवाल्यालाही ठाऊक आहे.

आता तुमच्या कामाचं. संसदेची ऑर्डर पेपर नावाची कामकाजपत्रिका रोज निघते. ती बघायची सवय लावा. विधेयकापेक्षा एल.आय. कडे जास्त लक्ष ठेवा. एल.आय. म्हणजे लेजिस्लेटिव्ह इन्स्ट्रुमेंट, मंत्र्याने काढलेले नियम. ते संसदेपुढे ठेवल्यावर कामकाजाचे 21 दिवस उलटले की आपोआप लागू होतात, दोन-तृतीयांश मतांनी रद्द केले तरच थांबतात. 21 दिवस कॅलेंडरचे नव्हेत, बैठकांचे. मध्ये सुट्टी आली तर दोन-तीन महिनेही लागतात, आणि तेवढा वेळ तुमच्या हातात असतो. 2023 च्या अखेरीला तांदळासह 22 वस्तूंच्या आयातीवर निर्बंध घालणारा असाच एक एल.आय. येऊ घातला होता. विरोधकांनी तो सभागृहात मांडूच दिला नाही, व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि सरकारने तो बाजूला ठेवला. तेव्हा संसद समसमान होती म्हणून हे जमलं. आजच्या बहुमतात रद्द करण्याची आशा धरू नका. मसुदा मंत्रालयात असतानाच, व्यापारी संघटनेमार्फत, तुमचं म्हणणं पोचवा.

अर्थसंकल्प साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर येतो आणि करविषयक विधेयकं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तातडीच्या शिक्क्याने मंजूर होतात, कधी कधी नाताळच्या तोंडावर. जानेवारीच्या पहिल्या पगाराच्या आधी दर बदललेले असू शकतात. निवडणुकीच्या वर्षी मात्र हे वेळापत्रक मोडतं: 7 डिसेंबरला मतदान, 7 जानेवारीला शपथविधी, पूर्ण अर्थसंकल्प मार्चमध्ये. 2025 मध्ये तो 11 मार्चला आला. पुढची निवडणूक डिसेंबर 2028 मध्ये. तुमचा पाच वर्षांचा आराखडा करताना 2029 ची पहिली तिमाही मोकळी सोडा, आणि मोठी गुंतवणूक किंवा करसवलतीचा अर्ज त्या वर्षीच्या एप्रिलनंतर लावा.